सप्ताह उठेपर्यंत

माझ्या सासरच्या गावात कार्तिकात भजनी सप्ताह बसायचा, आणि त्या आठवड्यात गावातलं कुणीही मरत नसे. मरत नसे म्हणजे मेलं तरी ते कळत नसे.

मी समुद्रापासून लांब, आतल्या अंगाच्या नांदगावची. साठ सालाच्या आगेमागे लग्न होऊन मालवणच्या किनाऱ्यावरच्या या खाडीकाठच्या गावात आले. तोवर समुद्र जत्रेला गेल्यावर लांबून पाहिलेला, तेवढाच. भजनं आमच्याकडेही होत, पण ती हौसेची. बुवा दमला की चहा यायचा आणि चहा आला की भजन थांबायचं. इथे तसं नव्हतं. सप्ताह बसला की देवळात अखंड भजन. वीणा खाली ठेवायची नाही, समई विझू द्यायची नाही. प्रत्येक वाडीला दिवसाचा एक आणि रात्रीचा एक पार वाटून दिलेला. पार म्हणजे पाळी. आमच्या वाडीकडे तिन्हीसांजेचा पार होता आणि त्याचा आमच्या लोकांना भारी तोरा होता, कारण त्याच वेळी देवळात सगळ्यात जास्त माणसं असायची.

आमची वाडी म्हणजे सगळी एकाच भावकीची घरं. त्यातल्या एका घरात कुणी गेलं की सगळ्या वाडीला सुतक. सुतकातल्या माणसाने देवळाची पायरी चढायची नाही. म्हणजे एका मरणाने आमचा अख्खा पार ओस पडायचा, आणि एक पार ओस पडला की सप्ताह मोडला. मोडलेल्या सप्ताहानंतर गावावर काय काय आलं, याच्या गोष्टी म्हातारी माणसं आवाज उतरवून सांगायची.

यावर गावाने काढलेली तोड साधी होती. सुतक लागतं ते कानाला. ऐकलं तर लागलं, नाही ऐकलं तर नाही. म्हणून सप्ताहात वाईट बातमी भावकीत कुणाच्या कानावर घालायचीच नाही. बातमी घेऊन आलेल्या माणसाने गावाबाहेर थांबायचं, नाहीतर परक्याच्या घरी उतरायचं, आणि सप्ताह उठला की मगच तोंड उघडायचं. पहिल्या वर्षी ही पद्धत ऐकून मी नवऱ्याला म्हटलं होतं, "म्हणजे तुमच्या गावाचो यम सप्ताहात रजेर जाता काय?" तो पोट धरून हसला. सासूने ऐकलं, आणि ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी सप्ताह बसला तेव्हा माझा नवरा आणि धाकटा दीर दोघेही समुद्रावर होते, एकाच गलबतावर. आमच्या घरात माणसं चारच. सासरे कधीच तापाने गेलेले, सासूने दोन्ही मुलगे सुकी मासळी विकून वाढवले. नवरा मुरलेला खलाशी. दिराचा मात्र पहिलाच हंगाम होता. मिसरूड नुकतं फुटलेलं, लग्नाचं नाव काढलं की कानापर्यंत लाल व्हायचा. आमच्या वाडीच्या पारात मृदंग त्याच्याकडे असायचा आणि तो मृदंगावर बसला की सासू देवाकडे न बघता त्याच्याचकडे बघत राहायची. गलबत मंगळुरी कौलं आणायला निघालं तेव्हा तिने त्याला थांबवून पाहिलं. तो म्हणाला, "आये, सप्ताहाक मी हजर. लिवन देव?" आणि दोघे गेले.

मग अवेळी वारा सुटला. कार्तिकात आमच्याकडे आभाळ धुतल्यासारखं असतं, भात कापून झालेलं असतं, कुणी वादळाच्या गोष्टी करत नाही. त्या वर्षी माडांच्या झावळ्या रस्त्यात येऊन पडल्या आणि खाडीचं पाणी तरीच्या धक्क्यावर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी लागते तिथवर, चढलं. वारा पडल्यावर गावातली दुसरी गलबतं कुठल्या कुठल्या बंदरात शिरून वाचल्याचं एकेक करून कळत गेलं. आमच्या गलबताचं काहीच कळलं नाही. आणि अशात सप्ताह बसला.

मला जायचं नव्हतं. मी तसं तोंडावर सांगितलं. सासू चुलीपाशी बसली होती, ती मागे न वळता म्हणाली, "घरात बसललो माणूस लोकांक काय सांगता, म्हायत आसा? आमी आशा सोडली म्हणान सांगता. नेस चांगला लुगडा आनी चल."

तेव्हा रोज संध्याकाळी मी ठेवणीतलं लुगडं नेसायची, सासू माझ्या अंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळायची आणि आम्ही दोघी गाणं ऐकायला निघायचो. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय मजेत आहेत सासू-सुना. मी मात्र घरापासून देवळापर्यंत वाटेवर कुणी परका माणूस दिसतो का ते बघत चालायची. बातमी आली तरी आपल्याला सांगणार नाहीत, हे मला माहीत होतं. एरवी बातमी नाही याचा अर्थ बातमी नाही एवढाच असतो. त्या आठवड्यात त्याचा अर्थ काहीही असू शकत होता.

पहिल्या संध्याकाळी मी भजन ऐकलंच नाही, माणसांची तोंडं बघत बसले. कोण माझ्याकडे बघतं, कोण नजर चुकवतं. आमच्या पारात मृदंगावर दिराच्या जागी त्याचा एक चुलतभाऊ बसला होता. तो मेला ठेका चुकवायचा आणि चुकला की स्वतःच हसायचा. बायका सासूला म्हणायच्या, "तुझ्या धाकल्याशिवाय मजा नाय गो!" सासू मान डोलवायची. कुणी मला नवऱ्यावरून चिडवलं. त्या चिडवण्याने मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ज्याच्याबद्दल काही कळलंय त्याच्यावरून कुणी चेष्टा करणार नाही, असा मी हिशेब केला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाहून दोन बुवा आले, त्यांची बारी होती. एकाने अभंगातून कोडं घालायचं आणि दुसऱ्याने अभंगातूनच उत्तर द्यायचं, जमल्यास चिमटाही काढायचा. एक बुवा लठ्ठ, पेटीवर ओणवा झाला की त्याला परत सरळ करायला माणूस लागायचा. दुसऱ्याने त्याच्यावरूनच गाऊन देऊळ हसवलं. सासूसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. ती हसतेय म्हणजे तिलाही काही कळलेलं नाही, हे बघून मी जरा सैल झाले. त्या रात्री मला झोप लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासू सुक्या बांगड्यांची पाटी घेऊन तरीकडे गेली. पलीकडच्या काठाला तिची नेहमीची गिऱ्हाइकं होती. परत यायला तिला उशीर झाला. पाटी तशीच भरलेली. मी विचारलं तर म्हणाली, "तरीची होडी चुकली." पाय धुऊन ती ओसरीवर बसली आणि दिवेलागण झाली तरी उठेना. देवापुढे दिवा लावणं हे त्या घरात तिचं काम होतं, मला ती वातसुद्धा करू देत नसे. त्या दिवशी बसल्या जागेवरून म्हणाली, "आज दिवो तू लाव." मी लावला. माझ्या मनात काही आलं नाही. खरं तर सुनेला मान दिला म्हणून मी थोडी फुशारलेच.

देवळात त्या संध्याकाळी पिंगुळीचे बाहुलीवाले आले होते. सभामंडपाच्या बाहेर कांबळं ताणून त्यांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मांडला होता. खेळ संपून आमचा पार सुरू झाला तशी मी आत निघाले. सासू आली नाही. देवळाच्या आवाराला चिऱ्यांचा बुटका गडगा होता, त्याच्यावर टेकली आणि म्हणाली, "माझो गुडघो धरलो हा. तू जा."

"हंय थंडी बाधतली," मी म्हटलं.

"जा म्हटलंय ना."

मी आत बसले आणि दारातून मला ती दिसत राहिली. आरती झाल्यावर गुरव तीर्थ घेऊन बाहेर गेला. गडग्यावर बसलेल्या सगळ्यांच्या हातावर त्याने पळी ओतली. सासूपाशी आला, तिने हात पुढे केला नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. सरळ पुढच्या बाईकडे गेला.

एवढंच. पण मी दिवेलागणीपासूनचं एकेक मोजलं. दिवा लावायचा नाही, पायरी चढायची नाही, तीर्थ घ्यायचं नाही. हे गुडघ्याचं दुखणं नव्हतं. माझी सासू सुतक पाळत होती. कुणाला न सांगता, एकटी. आणि मला फुलं माळून आत पाठवत होती, कारण मी ऐकलं नव्हतं.

तिथून पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भावकीतली बाकी माणसं सुखरूप असल्याचं कळलेलं, ठावठिकाणा नव्हता तो आमच्या घरातल्या दोघांचाच. एक माझा आणि एक तिचा. म्हणजे दोघेही तिचेच, पण मला त्या वेळी तसं वाटत नव्हतं हे मी स्पष्ट सांगते. दोघांतलं कोण, की दोघेही? ताटावर बसलं की हा प्रश्न, विहिरीवर दोर सोडला की हा प्रश्न. सासूच्या तोंडाकडे मी चोरून बघायची. ती थोरल्याचं नाव घेते का? धाकट्याचं घेते का? ती दोघांचंही घेत नव्हती. एकदा मी मुद्दामच म्हटलं, "आये, ह्यांचो सदरो उसवलो हा, शिवन ठेवू?" म्हटलं बघू, हो म्हणते की नको. ती म्हणाली, "तुझ्या मनात आसा तर शिव." कसली बाई ही, असं मला झालं.

दिंडीच्या दिवशी गाव फुलून आला होता. बैलगाडीवर देवादिकांचे देखावे उभे केलेले, रंग फासलेले आमचेच लोक हलायचं नाही म्हणून घामाघूम झालेले. त्यातला एक देव माशी नाकावर बसली म्हणून शिंकला आणि मुलं ओरडत सुटली. देवळाच्या अंगणात बायकांनी फुगड्या धरल्या. मला ओढलं. मी नको नको म्हणत होते तर गडग्यावरून सासूचाच आवाज आला, "घाल गो फुगडी! लाजतंस कित्याक?"

मी फुगडी घातली. समोरच्या बाईचे हात घट्ट धरले आणि गरगर फिरले. माझा वळेसर सुटून पडला, बायका 'अजून, अजून' ओरडत होत्या. आपण विधवा आहोत की नाही हे माहीत नसताना मी गावासमोर फुगडी घालत होते. थांबले तेव्हा सगळं अंगण फिरत होतं आणि त्यात सासू तेवढी एका जागी दिसत होती. मला तिचा इतका राग आला, इतका राग आला की जाऊन तिला गदगदा हलवावं आणि विचारावं. विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं कदाचित. पण मग मी ऐकलं असतं.

राग मात्र जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूचा डोळा लागल्यावर मी तरीवर गेले, जिथून ती भरली पाटी घेऊन परतली होती. होडी चालवणारा तारी म्हातारा होता, आमच्या भावकीतला नव्हे, त्याला आमचं सुतक ना सोयर. त्याची झोपडी धक्क्याला लागून. दारात तो जाळं सांधत बसला होता आणि आत चटईवर कुणीतरी घोंगडी डोक्यावरून घेऊन निजलं होतं. घोंगडीबाहेर पाय आलेले. तळव्यांना चिरा, घोट्यावर दोर घासल्याचे ताजे वळ. खलाशाचे पाय मला एव्हाना ओळखू येत होते. ते माझ्या नवऱ्याचे नव्हते.

तारी हातातलं काम न थांबवता म्हणाला, "बाये, भजन सोडून हंय कित्याक इलंस?"

"बारका काम होता."

"काम सप्ताह उठल्यार कर. घराक जा."

घोंगडीखालचा माणूस जागा होता. त्याचा श्वास थांबलेला मला दिसला. दोन पावलं पुढे होऊन घोंगडी ओढली असती तर माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले. तोपर्यंत मला वाटत होतं की मला काहीही करून कळायला हवं आहे. तिथे उभी राहिल्यावर समजलं की मला कळायला नको आहे. जोवर कळत नाही तोवर माझा नवरा निम्मा तरी माझा होता. मी परत फिरले आणि तारीने सुटकेचा श्वास टाकलेला मला पाठीमागे ऐकू आला.

त्या संध्याकाळी आमच्या पारात मी देवासमोर हात जोडून उभी राहिले. दोघांनाही सुखरूप आण, असं मागायची सोय सासूने ठेवली नव्हती. मग मी माझ्यापुरतं मागितलं. गजर इतका चढला होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. कुणी आज विचारलं तरी त्या वयात, त्या जागी मी तेच मागेन.

शेवटच्या दिवशी सकाळी काला झाला. हंडी फुटली, दह्यापाण्याने माखलेली पोरं नाचत वाडीवाडीतून फिरली, घराघरातून त्यांच्या अंगावर कळशी ओतली गेली. मग देवळातून शेवटचा गजर ऐकू आला आणि टाळ थांबले. आठवडाभर कानात असलेला आवाज एकदम बंद झाला. वीणा खाली ठेवली होती.

सासू परसात विहिरीपाशी उभी होती. तिने मला हाक मारली. मी जवळ गेले तशी तिने माझं मनगट धरलं, अगदी बांगड्यांच्या वर, आणि म्हणाली, "तुझो घोव बरो आसा. रेडीक आसा. आज येतलो."

मी हसले. तोंडातून आवाज येईल असं हसले. ती माझं मनगट धरून उभी होती आणि मी हसत होते, आणि हसता हसता मला आठवलं की उरलं कोण.

गलबत रेडी बंदराजवळ खडकावर गेलं होतं. बाकीचे पोहून किनाऱ्याला लागले. धाकटा तिसऱ्या दिवशी वाळूत सापडला. माझ्या नवऱ्याने तिथेच त्याला अग्नी दिला आणि आमच्या शेजारच्या गावच्या एका खलाशाला निरोप देऊन पुढे पाठवलं, सप्ताह उठेपर्यंत तारीकडे थांब म्हणून. सासू बांगडे विकायला गेली आणि तिने त्याला झोपडीत पाहिलं. तो काही बोलला नाही. तिनेच विचारलं, थोरलो? त्याने मान हलवून बरा आहे म्हणून सांगितलं. धाकलो? तेव्हा त्याने मान खाली घातली.

हे सगळं ती सपाट आवाजात सांगत होती. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. त्या वेळी रडायचं सोडून मी भांडले. म्हटलं, "माझो बरो आसा, इतक्या तरी माका सांगूचा होता! मी काय दिवस काढलंय, तुका दिसत नाय होता?"

"दिसत होता."

"मगे?"

"तुझो जितो आसा म्हणान सांगतलंय, तर माझो नाय म्हणान तुका कळतला."

"कळाक व्हया होता! तुया एकटीन कित्याक..."

तिने माझं मनगट सोडलं. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "पार मोडतलो म्हणान गप ऱ्हवलंय, असा लोक म्हणतले. म्हणूदेत. पण तसा नाय गो. त्या गडग्यार बसलंय की येणारी जाणारी इचारी, धाकलो कधी येतलो, पुढल्या वर्सा मृदंग त्येकाच देवया, त्येका लग्नाक चेडू बगलंस काय. माझ्या झिलाक सगळो गाव जितो धरून बोलत होतो. मी सांगतलंय तर ता बोलणा थांबतला. माका ता आयकूचा होता."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती आक्रसली, जणू हात लागला की ती उभी राहू शकणार नाही. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "आता तू जा आनी वाडीत सांग. माझ्या तोंडातसून ता येवचा नाय."

मी निघाले. शेजारच्या घराच्या ओट्यावर आमच्या पारातली भजनी पोरं बसली होती, केसांत दही, अंगाला ओले सदरे चिकटलेले, एकमेकांना ढकलत, घसा बसलेला तरी हसत. मला बघून ठेका चुकवणारा तो चुलतभाऊ उठून उभा राहिला.

"वयनी, धाकलो कधी येतलो गो? आमचो पार बरो झालो म्हणान सांग त्येका."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वाटलं, अजून थोडा वेळ यांना विचारू द्यावं.